भावाच्या डोक्यावर वाचलेलं पुस्तक

पहिलंच सांगून टाकतो. त्या पोराच्या बापाला मी मारलं नाही, गावानं मारलं. मी फक्त पोराचं डोकं भादरलं. आणि बाप आजही ठणठणीत आहे, घरी आला की माझ्याच खुर्चीत येऊन बसतो, तेव्हा कुणी हळहळायची गरज नाही. पण हे सगळं झालं पुस्तकांपायी, तेही लहान मुलांच्या पुस्तकांपायी, हे आठवलं की हातात वस्तरा असताना मला हसू फुटतं आणि गिऱ्हाईक आरशातून घाबरून बघतं.

माझं कटिंगचं दुकान केळझरला, बस थांबते तिथून चार पावलांवर. एक खुर्ची, एक आरसा, एक बाकडं. मी तोंडाचा फटकळ आहे हे गावाला माहीत आहे आणि माझा हात हलका आहे हेही माहीत आहे, म्हणून दुकान चालतं. माझी खरी डोकेदुखी म्हणजे ते बाकडं. गावातले चार-पाच रिकामे लोक सकाळी नऊला त्याच्यावर येऊन बसतात आणि जेवायची वेळ झाली की उठतात. पेपर एक, वाचणारे पाच, म्हणून पान-पान वाटून घेतात. त्यांची कटिंग दोन महिन्यांतून एकदा, बसणं मात्र रोजचं. एकदा एक खरंखुरं गिऱ्हाईक उभं राहून राहून कंटाळलं आणि दाढी न करताच बसमध्ये चढून गेलं, तेव्हा माझं डोकं सटकलं.

मी सेलूच्या पेंटरकडून पाटी करून आणली. ‘बाकड्यावर फक्त गिऱ्हाइकांनीच बसावे. हुकुमावरून.’ पेंटरनं विचारलं होतं, हुकूम कोणाचा? म्हटलं, माझाच, दुसरा कोण आहे इथं? चांगली लाल अक्षरं, खाली दोन रेघा. बाकड्याच्या बरोबर वर ठोकली. दुसऱ्या दिवसापासून ते पाचही जण त्या पाटीला डोकं टेकून बसू लागले. आठवड्याभरात ‘गिऱ्हाइकांनीच’वर तेलाचा डाग पडला.

त्याच सुमाराला एक दिवस वर्ध्याच्या एक ताई स्कूटीवरून आल्या. पाठीला कापडी पिशवी, पिशवीत पुस्तकं. मला वाटलं विमावाल्या आहेत, म्हणून मी आधीच तोंड वाकडं केलं.

‘‘दादा, मुलं जिथं कंटाळतात तिथं पुस्तकं ठेवायची, एवढंच माझं काम,’’ त्या म्हणाल्या. ‘‘शाळेत ठेवली की कुलपात जातात. म्हणून मी पिठाच्या गिरणीत ठेवते, दवाखान्यात ठेवते. गिरणीतली पांढरी झाली, पण वाचली गेली. आता तुमच्याकडं.’’

मी म्हटलं, ‘‘ताई, इथं केस उडतात. पुस्तकात जातील.’’

‘‘जाऊ द्या.’’

‘‘पोट्टे फाडतील.’’

‘‘फाटलं म्हणजे हाताळलं.’’

‘‘चोरून नेतील.’’

‘‘दादा, तसं झालं तर मला फोन करा, मी पेढे घेऊन येते.’’

मला उलट उत्तरांची सवय नाही. माझ्या खुर्चीतला माणूस गळ्याशी वस्तरा असल्यामुळं शहाण्यासारखा गप्प असतो. ही बाई उभी होती, तिच्या गळ्याशी काही नव्हतं, त्यामुळं मी हरलो. फळवाल्याकडून एक लाकडी खोकं आणलं, बाकड्याच्या शेजारी भिंतीला ठोकलं, आणि ताईंनी त्यात वीसेक पुस्तकं लावली. जाताना म्हणाल्या, तुम्ही पण वाचून बघा. मी म्हटलं, बघू.

पंधरा दिवस त्या पुस्तकांकडं एकाही पोरानं पाहिलं नाही. मोठ्यांनी मात्र पाहिलं. बाकड्यावरच्या एकानं चित्रांचं रुंद पुस्तक वारा घ्यायला काढलं. दुसऱ्यानं एकावर चहाचा ग्लास ठेवला. मी दोघांनाही झापलं, ते हसले, मी आणखी झापलं, ते आणखी हसले. असं आमचं साहित्य सुरू होतं.

मग एका रविवारी ती आली. पाचवीतली असावी. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि हातात धाकट्या भावाचं मनगट घट्ट धरलेलं. भाऊ सहा वर्षांचा, नाक वाहणारा. कापसाच्या वेचणीचे दिवस होते, आई वावरात, बाप ट्रकवर ड्रायव्हर, महिना-महिना बाहेर, म्हणून बहीणच त्याला घेऊन आली होती. त्या घराचं माझ्याकडं वर्षाचं ठरलेलं आहे. आमच्याकडं अजून काही घरांची अशी रीत आहे. सुगीला ते मला तूर-गहू देतात आणि मी वर्षभर घरातल्या पुरुषांची डोकी आणि दाढ्या बघतो. कितीदा यायचं याला मोजमाप नाही. पुरुषांची म्हटलं, कारण बायांचं आमच्या दुकानात काही काम नसतं.

पोराला मी खुर्चीच्या हातांवर फळी टाकून वर बसवलं. ती बाकड्याच्या टोकाला बसली, आणि बसण्याआधी तिनं भिंतीवर नजर टाकली हे मी पाहिलं, पण त्याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही. खोक्यातून तिनं सगळ्यात जाड पुस्तक ओढलं. दहा मिनिटांत पोराचं डोकं झालं. मी म्हटलं, झालं. ती ऐकेना. पुन्हा म्हटलं, झालं गं बाई. तिसऱ्यांदा कात्री कंगव्यावर आपटली तेव्हा तिनं वर पाहिलं. पुस्तक नीट जागेवर ठेवलं आणि ‘‘बावीस, बावीस, बावीस’’ असं पुटपुटत भावाला ओढत निघून गेली. पान विसरू नये म्हणून. माझ्या बाकड्यावरचे पाचही जण हसले. मला मात्र कुठंतरी बरं वाटलं आणि का बरं वाटलं याचाच राग आला.

पुढच्या रविवारी पुन्हा दोघं हजर.

‘‘काय झालं?’’ मी विचारलं.

‘‘कटिंग,’’ ती म्हणाली.

‘‘मागच्या रविवारीच केली ना याची?’’

‘‘साइडनं वाढले, काका.’’

साइडनं काही वाढलं नव्हतं, पण वर्षाचं ठरलेलं घर, नाही कसं म्हणणार? मी साइड बारीक केल्या. ती वाचत होती. जाताना म्हणाली ‘‘एकावन्न, एकावन्न.’’ तिसऱ्या रविवारी तिनं सोल्जर कट सांगितला. पोरगं फळीवर खुशीत बसलेलं. मी त्याला विचारलं, ‘‘काऊन रे, तुले थंडी नाई वाजत?’’ तर म्हणतो, ‘‘ताई घरी जाता जाता सांगते ना मले, पुढं काय झालं तं.’’ म्हणजे बहीण वाचणार, भाऊ डोकं देणार, आणि मोबदल्यात त्याला वाटेत गोष्ट. मी हसलो. एवढा करार माझ्याच दुकानात होऊन राह्यला आणि मलाच पत्ता नाही.

गोष्ट काय होती तेही त्यानंच सांगितलं. एक डोंगर असतो, तो रोज थोडा थोडा सरकतो. गावाला वाटतं आपलीच नजर खराब झाली. दोन बहिणी मात्र त्याच्या मागं निघतात, तो कुठं चालला ते बघायला. बाकड्यावरचा एक जण म्हणाला, डोंगर कुठं सरकतो का, काहीही लिहितात. पोरगं म्हणालं, सरकतो, ताईनं वाचलं. आणि विषय संपला.

चौथा रविवार. सकाळपासून लाइट नव्हती, मशीन बंद, बाकड्यावर चौघं, आणि त्यांचा येत्या निवडणुकीवरून असा वाद चाललेला की मला माझ्या कात्रीचा आवाज ऐकू येईना. अशा वेळी ही दोघं आली.

‘‘याचं आता काय करू?’’ मी खेकसलो. ‘‘मशीनीले लाइट नाई. कात्रीत धरायला केसच नाई.’’

तिनं खोक्याकडं पाहिलं. मग म्हणाली, ‘‘मंग वस्तरा मारा.’’

वस्तऱ्याला वेळ जास्त लागतो हे तिला ठाऊक होतं. मला त्या क्षणी एवढंच ठाऊक होतं की चौघांपैकी एकानं माझ्या पक्षाला शिवी घातली आहे. मी पाणी मारलं, वस्तरा काढला आणि वाद घालत घालत पोराचं डोकं गुळगुळीत केलं. भोवऱ्यापाशी एक फोड होता, त्याला धक्का नको म्हणून तेवढे केस सोडले. चांगली दोन बोटं रुंद शेंडी राहिली. आणि तीस वर्षं हा धंदा केलेला माणूस मी, मला काहीही खटकलं नाही.

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लहान पोराचं जावळ एकदा काढतात, ते आईच्या मांडीवर असतानाच. त्यानंतर पोरगं वस्तऱ्यानं साफ केलेलं डोकं आणि वर शेंडी घेऊन रस्त्यानं चाललं, तर बघणारा एकच अर्थ काढतो. याचा बाप गेला. अशी डोकी मी स्वतः किती केली आहेत, नदीवर जाऊन, अनवाणी. आणि त्या दिवशी ‘‘एकशे अठरा’’ पुटपुटणाऱ्या बहिणीच्या हातात मी तसलंच डोकं देऊन मोकळा झालो.

पुढचं मला नंतर दहा तोंडांनी कळलं. बहिणीनं भावाला घराच्या दारात सोडलं आणि ती आईच्या मागं वावरात गेली. पोरगं पायरीवर बसून गोट्या खेळत होतं. किराणा दुकानदारानं पाहिलं, त्यानं बायकोला सांगितलं. बाप ट्रकवर असतो हे सगळ्यांना माहीत, त्यामुळं कोणाला काही विचारायची गरजच पडली नाही. ट्रक कुठं उलटला हेसुद्धा दोघा-तिघांनी सांगून टाकलं, आणि प्रत्येकानं वेगळा घाट सांगितला. चार वाजेपर्यंत ओटा बायांनी भरला. एका म्हातारीनं पोराला जवळ घेऊन विचारलं, ‘‘कोनं केलं रे बाबू हे?’’ पोरगं म्हणालं, ‘‘ताईनं.’’ बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मयतीच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून ठेवली होती, ती पोरानं सगळी खाल्ली. भुकेलं असेल बिचारं म्हणून बाया आणखी रडल्या.

एवढ्यात आई आणि पोरगी डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन आल्या. ओट्यावर बाया बघून आईचा जीवच उडाला. तिला वाटलं, पोराला काही झालं. पोरगं तर समोर भाकरीचा तुकडा मोडतंय. मग तिनं त्याचं डोकं पाहिलं. काही विचारायच्या आधी म्हातारीनं तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. आईनं नवऱ्याला फोन लावला. तिचा फोन पडून फुटलेला, कानाशी काही ऐकू येत नाही, म्हणून ती नेहमी स्पीकरवर बोलते. सगळा ओटा कान देऊन. तिकडून मेलेला माणूस म्हणाला, ‘‘हॅलो. काय झालं?’’

आई म्हणाली, ‘‘तुमी काय करून राह्यले?’’

‘‘मी तं जेवून राह्यलो.’’

म्हातारी पुढं वाकून फोनमध्ये म्हणाली, ‘‘कुठून बोलून राह्यला रे बाबू?’’

‘‘नाशिकच्या पुढून. ढाब्यावर हावो. तुमी कोन?’’

मग जे हसणं सुटलं ते म्हणे देवळापर्यंत ऐकू गेलं. एकटी आई हसली नाही. ती मटकन खाली बसली, थोडं रडली, मग उठली, दोन्ही पोरांची मनगटं धरली आणि तरातरा माझ्या दुकानाकडं निघाली. ओट्यावरच्या निम्म्या बाया मागं.

मी एकाची दाढी करत होतो. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘भाऊ, तुमाले काई समजते का नाई? जित्या मानसाच्या पोराचं डोकं असं करते का कोनी?’’

मी पोराच्या डोक्याकडं पाहिलं. शेंडीकडं पाहिलं. आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ‘‘वहिनी,’’ मी म्हटलं, ‘‘चुकलं. पोरीनं सांगितलं तसं केलं.’’

पुरुषासारखा पुरुष, अकरा वर्षांच्या पोरीवर ढकलून मोकळा झालो. आईनं पोरीला पुढं ओढलं. ‘‘काऊन गं? काऊन केलं हे?’’

पोरगी रडली नाही. तिनं बाकड्याच्या वर बोट दाखवलं आणि सगळी पाटी मोठ्यानं वाचली. ‘‘बाकड्यावर फक्त गिऱ्हाइकांनीच बसावे. हुकुमावरून.’’ मग म्हणाली, ‘‘मी गिऱ्हाईक नाई ना, आई. हा हाये. हा खुर्चीत असला तंच मले बसता येते. माह्यं पुस्तक अजून राह्यलं होतं.’’

पाटीखाली चौघं बसलेले होते. त्यांतल्या एकानं मान मागं वळवून वर पाहिलं आणि मला विचारलं, ‘‘ही कधी लावली?’’

माझ्या आयुष्यात मी इतका ओशाळलो नव्हतो. ती पाटी आजवर एकाच माणसानं वाचली आणि पाळली होती, आणि ती तिच्यासाठी लिहिलेलीच नव्हती. त्या रिकाम्या लोकांना हाकलायला केली, ते मजेत, आणि ही पोरगी दर रविवारी भावाचे केस मोजून मोजून खर्च करत होती. मला म्हणायचं होतं, अगं बाई, तू नुसतं विचारलं असतंस तर. पण विचारणार कोणाला, माझं तोंड आणि माझा आवाज बघून?

आईनं निकाल दिला. ‘‘आता या दुकानाची पायरी एकटीनं चढली तं पाय मोडीन.’’ वळता वळता पोरीनं मला एकच विचारलं. ‘‘काका, तो डोंगर शेवटी थांबते का हो?’’

आणि मला माहीत नव्हतं. महिन्याच्या वर पुस्तकं माझ्या भिंतीवर, ताई सांगून गेल्या वाचून बघा, आणि मी एक पान उघडलं नव्हतं. ‘‘नाई माहीत,’’ मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि आईच्या मागं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली ती पाटी उपटली. मागं चार खिळ्यांची भोकं राहिली. बाकड्यावरच्या एकालाही फरक कळला नाही. मग ते जाड पुस्तक घेतलं आणि गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात वाचायला बसलो. दोन दिवसांत संपवलं. एक जण दाढीला अर्धा साबण लावून बसून राहिला, त्याला म्हटलं थांब जरा, डोंगर नदीपाशी पोचला आहे. डोंगराचं शेवटी काय होतं ते मला कळलं. आता ऐकायला ती दुकानात येणार नव्हती, आणि सांगून चालणारही नव्हतं, वाचायचीच गोष्ट होती ती. म्हणून मी पुस्तक पिशवीत टाकलं आणि तिच्या घरी गेलो. आईनं उंबऱ्यातच अडवलं. ‘‘ते पुस्तक घरात नको, भाऊ. त्याच्यापायी गावानं माह्या नवऱ्याले मारलं.’’ मी पिशवी काखेत धरून परत आलो.

त्यानंतर ती शाळेत जाता-येता रस्त्याच्या पलीकडून जायची. दुकानासमोर आली की चाल मंदावायची आणि नजर खोक्यावर. पाटी नाही हे तिनं पाहिलं असणार. पण आता पाटीपेक्षा मोठा हुकूम होता. इतर पोरं मात्र आता येऊन बाकड्यावर बसू लागली होती, डोक्याच्या कहाणीनं गावभर जाहिरातच झाली होती. वारा घ्यायच्या त्या रुंद पुस्तकावरून दोघं भांडत होती. मला आनंद व्हायला हवा होता आणि व्हायचाही, पण ते जाड पुस्तक मी त्यांच्यापासून लपवून आरशामागं ठेवलं होतं. तिचं पान निघून जाईल असं उगीच वाटायचं.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी दुकानाबाहेर एकदम गलबला झाला. मेलेला माणूस घरी आला होता. त्याच्या घरापासून माझ्या दुकानापर्यंत दोन मिनिटांची वाट, पण त्याला यायला पाव तास लागला, कारण प्रत्येक जण त्याला हात लावून बघत होता. धिप्पाड माणूस, भरघोस मिशी, आणि गालांवर वीस-पंचवीस दिवसांची दाढी, इतकी की ओळखायला कष्ट पडले. त्याच्या एका बाजूला पोरगी, दुसऱ्या बाजूला पोरगं, डोक्यावर लोकरीची टोपी घातलेलं. मी मनात म्हटलं, आता हा मला खुर्चीतच बसवून माझं डोकं करणार.

तो आला आणि खुर्चीत बसला.

‘‘दाढी,’’ तो म्हणाला.

‘‘माझं चुकलं हो त्या दिवशी,’’ मी म्हटलं.

‘‘ते जाऊ द्या. मले तं मजा आली. ढाब्यावर साऱ्याईले सांगून राह्यलो, मी मेलो होतो म्हून.’’ मग त्यानं गालावरून हात फिरवला. ‘‘हे पाहा भाऊ, पोट्टीनं मले फोन केला. म्हने, बाबा, घरी येईपर्यंत दाढी नोको करू. म्या म्हंतलं काऊन, तं सांगे नाई. घरी आल्यावर सांगतलं. म्हने, बाकड्यावर बसाचं असन तं कोनी तरी खुर्चीत पाह्यजे, अन् लहान्याच्या डोक्यावर आता काई उरलं नाई.’’

‘‘पाटी काढली मी,’’ मी म्हटलं. ‘‘आता कोणीही बसावं.’’

‘‘तिच्या मायनं एकटीले नाई म्हंतलं ना. मी संग असलो तं चालते. विचारून आलो.’’ त्यानं आरशातून पोरीकडं पाहिलं. ‘‘किती पानं राह्यले बाई?’’

मी आरशामागून पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. तिला खूण लागली नाही. सरळ पान उघडलं, शेवटचं पान पाहिलं, मनात वजाबाकी केली. ‘‘बावीस.’’

‘‘हळू करजो भाऊ,’’ बाप म्हणाला. ‘‘अन् तू मोठ्यानं वाच, मले बी समजन. मले काई वाचता येत नाई.’’

ती वाचू लागली. मी कोमट पाणी आणलं, ब्रश भिजवला, आणि आयुष्यात केली नाही इतकी सावकाश दाढी सुरू केली. एक बाजू. मग थांबलो, वस्तरा पुसला, पुन्हा पुसला. बाकड्यावरचे पेपर बाजूला ठेवून ऐकत होते. त्यांतला एक, तोच डोंगर-कुठं-सरकतो-का वाला, उठून दारात उभ्या असलेल्या दोन पोरींना म्हणाला, या, बसा इथं. पोरींनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, बसा. दुसरी बाजू. मग उलटा हात. मग तुरटी, मग पावडर, मग डोक्याची मालीश, मग मानेची. बाप डोळे मिटून ऐकत होता. मधेच म्हणायचा, ‘‘मंग?’’ आणि पोरगी म्हणायची, ‘‘वाचतेच ना, बाबा.’’

करण्यासारखं सगळं संपलं. त्याच्या चेहऱ्यावर एक केस उरला नव्हता. मी अंगावरचं कापड सोडायला हात लावला, तर त्यानं ते घट्ट धरलं.

‘‘किती राह्यले?’’

‘‘चार,’’ ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला.

बाप आरशात बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘मिशी काढा.’’

बाकड्यावरच्यांनी माना वर केल्या. आमच्याकडं वडील असताना माणूस मिशीला वस्तरा लावत नाही.

‘‘तुमचे वडील आहेत ना?’’ मी विचारलं.

‘‘हायेत.’’

‘‘मग गाव आता त्यांच्याकडं जाईल रडायला.’’

‘‘जाऊ द्या,’’ तो म्हणाला. ‘‘मी मेलो का?’’

मी वस्तरा उचलला, दुमडला आणि खणात ठेवून दिला. मग ब्रश घेतला आणि त्याच्या मिशीवर भरपूर फेस लावला. पोरगी वाचत होती. फेस वाळला. मी पुसून घेतला आणि पुन्हा लावला. बाप आरशातून माझ्याकडं बघून हसला, आणि फेस तोंडात जाऊ नये म्हणून ओठ मिटून बसून राहिला. तिचं शेवटचं पान होईपर्यंत मी तो सहा वेळा लावला.